मला वास येत नव्हता

माझं नाक गेलं ते त्या साथीच्या दुसऱ्या लाटेत. ताप उतरला, अंगात ताकद आली, जिभेला गोड-खारट कळायला लागलं, पण वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कुणाकुणाला वर्षही लागतं. मी रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, कॉफीची पूड नाकाशी धरून बसायचे. नुसती हवा आत जायची आणि बाहेर यायची.

मी घरी मसाले करून विकायचे. गोडा मसाला, काळा मसाला, उन्हाळ्यात तिखट. कढईतले धने भाजून झाले हे डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. दगडफूल कधी उतरवायचं, खोबरं करपायच्या बेताला कधी येतं, हे मी कधीच बघून केलं नाही. शेजारच्या खोलीत बसून वासावरून उठायचे. नाक गेल्यावर मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा मसाला काळाठिक्कर झाला तेव्हा कढई घासून माळ्यावर टाकली आणि नेहमीच्या बायकांना सांगितलं, आता माझ्याच्यानं होत नाही.

मसाल्यासाठीच आम्ही हे घर घेतलं होतं. पंचवटी ओलांडून शहर मागे पडतं, फुलांचे आणि भाजीचे मळे सुरू होतात, तिथं आमचं रो-हाऊस आहे. गच्ची मोठी, ऊन दिवसभर. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि आम्ही इथं आलो. मूलबाळ नाही. दोघंच होतो, पण मिरच्या वाळत घालणं, निवडणं, गिऱ्हाइकांचे फोन यात दिवस भरून जायचा.

घरामागे एक बोडकी टेकडी आहे. तिच्या पलीकडे आसपासची गावं आणि दोन-तीन लहान शहरं यांनी मिळून कचऱ्याचा एक प्रकल्प काढला होता. कचऱ्याचं खत होणार म्हणून फलकावर हिरवंगार झाड रंगवलेलं होतं. यंत्रं आली, नारळ फुटला, काही महिने काम चाललं आणि मग यंत्रं बंद पडली. गाड्या येतच राहिल्या. टेकडीच्या मागून हळूहळू दुसरी टेकडी डोकं काढायला लागली. तिच्यावर घारी फिरायच्या. संध्याकाळच्या उन्हात ती प्लॅस्टिकमुळे चमकायची, आणि लांबून पाहिलं तर वाईट दिसायची नाही, हे मी कुणाजवळ बोलले नाही.

"खिडकी लाव गं, मळमळतंय," हे म्हणायचे.

"कशानं?"

"कशानं काय विचारतेस? वास बघ ना केवढा..." असं म्हणता म्हणता थांबायचे. मग स्वतःच उठून खिडकी लावायचे.

माझा विश्वास नव्हता असं नाही. सगळेच सांगत होते. पण दुसऱ्याचं डोकं दुखतंय हे आपल्याला जितपत कळतं तितपतच मला ते कळायचं. हे जेवताना ताट सरकवायचे. रुमालात कापूर बांधून नाकाशी धरायचे. रात्री खोकत बसायचे. मी पाणी द्यायचे, पाठ चोळायचे आणि पुन्हा झोपून जायचे, कारण माझ्यासाठी खोलीत काहीच नसायचं. एकदा ते चिडून म्हणाले, "तुझं बरं आहे."

मग उन्हाळ्यात ढिगाऱ्याला आग लागली. दुपारची वेळ, हे वर झोपलेले, मी खाली भाजी निवडत होते. दारावर धाडधाड थापा पडल्या. उघडलं तर पलीकडच्या मळ्यातली बाई. झेंडू-शेवंतीचा तिचा मळा आमच्या कुंपणाला लागून. तोंडाला पदर गच्च बांधलेला.

"मावशी, आवो घरात काय बसल्या? धूर कोंडलाय सगळा! काका कुठंय?"

तेव्हा मी वळून पाहिलं. जिन्यावर धूर पांढरा होऊन उभा होता. मागची खिडकी उघडी राहिली होती. आम्ही दोघी वर धावलो. हे पलंगाच्या कडेला बसून तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते, आणि ओढलेला श्वास आत जात नव्हता. तिच्या नवऱ्यानं रिक्षा काढली. द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत आम्ही अडकलो, तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता. दवाखाना चौकाच्या पलीकडेच होता. पोचलो वेळेवर.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "त्या घरात यांना परत नेऊ नका. निदान तो प्रश्न मिटेपर्यंत."

माझे धाकटे दीर पंचवटीत एका अरुंद बोळात राहतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार माणसं. त्यांनी लगेच बाहेरच्या खोलीत खाट टाकली. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हीही या ना वहिनी, करू काहीतरी." मला तिथली जागा दिसत होती. आणि दोघांनी कुलूप लावून निघायचं, तर ते कुलूप पुन्हा उघडायचं नाही अशी मला भीती होती. दुर्गंधीतलं बंद घर घेणार तरी कोण?

"तुम्ही जा," मी ह्यांना म्हटलं. "मला तसाही त्रास होत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजुतीनं बोलले होते. त्यांना ते तसं ऐकू गेलं नसावं.

त्यानंतर घरात मी एकटी. सकाळी चहा एकाचा. पोळ्या उरायला लागल्या म्हणून कणीक कमी भिजवायला शिकले. नाक नसलं की एकट्या घरात एक विचित्र गोष्ट होते. माणूस गेलं तरी त्याच्या उशीला, कपाटातल्या सदऱ्यांना त्याचा वास राहतो म्हणतात. मी त्यांचा स्वेटर तोंडावर धरून पाहिला. लोकर टोचली, बाकी काही नाही.

आगीनंतर लोक जागे झाले. मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात सभा झाली. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार पुढाकार घेत होते. फुलांच्या मळ्यातली बाई उभी राहिली आणि तिनं पाण्याची बाटली वर धरली. पाणी चहाच्या रंगाचं होतं.

"ही आमची हीर हाय," ती म्हणाली. "हे पाणी मी झेंडूला घालते. मार्केटात यापारी इचारतो, कुठला माल? गावाचं नाव सांगितलं का म्हनतो, बाजूला ठेव. फुलाला वास नाय लागत वो, पर नाव खराब झालं ना आमचं."

मग सुरू झाल्या कचेऱ्यांच्या वाऱ्या. एक नगरपरिषद म्हणायची, प्रकल्प सगळ्यांचा आहे, आम्ही एकट्यानं काय करणार? दुसरी म्हणायची, यंत्राचा ठेकेदार पळाला, नवी निविदा निघायचीय. जिल्ह्याच्या ठिकाणी सांगायचे, जमीन आमची, कचरा त्यांचा. प्रदूषण बघणाऱ्या खात्यातले साहेब नमुने घेऊन गेले ते गेलेच. आम्ही बाकांवर बसायचो. मला या बसण्याचा कंटाळा यायचा नाही, हे खरं सांगते. शेजारी माणसं असायची. कुणी डब्यातलं थालीपीठ पुढं करायचं, कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं. घरी परतायची वेळ झाली की माझाच पाय निघायचा नाही.

शेवटी ठरलं की प्रकल्पाच्या फाटकाशीच बसायचं. गाड्या अडवायच्या नाहीत, नुसतं बसायचं, जबाबदार माणूस येऊन उत्तर देईपर्यंत. ताडपत्री ठोकली, खुर्च्या आणल्या. पहिल्या दिवशी सगळं गाव आलं. दुपारी वारा फिरला आणि माणसं पटापट उठायला लागली. एक म्हातारे उलटी करून आडवे झाले. बायका पोरं घेऊन गेल्या. सुभेदारही डोळे पुसत दूर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी आपली खुर्चीत बसून होते. सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा मला सांगावंच लागलं.

"मला वास येत नाही. साथीत गेलं नाक."

सुभेदार म्हणाले, "ताई, मग तुम्हीच आमच्या खऱ्या सैनिक."

आणि मी त्या फाटकाची झाले. सकाळी डबा घेऊन जायचं, दिवस मावळताना यायचं. बाकीचे आळीपाळीनं येत, तोंड बांधून थोडा वेळ बसत आणि वारा आला की जात. कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. पण बहुतेक वेळ तिथं मी, ताडपत्री, रिकाम्या खुर्च्या आणि कुत्री. गाड्यांचे ड्रायव्हर सुरुवातीला मान वळवून जायचे. पुढं एकजण हात करायला लागला. एकदा गाडी थांबवून म्हणाला, "आजी, आम्हाला पण नको वाटतो हा धंदा. पण कुठं टाकू सांगा." तो उत्तराची वाट बघत थांबला नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हात केला.

संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"आज मुगाची खिचडी. तिकडं काय?"

"तेच. गाड्या चालूच आहेत."

"वास कमी आहे का गं काही?"

दर वेळी ते विसरायचे, आणि दर वेळी मी म्हणायचे, "उद्या विचारून सांगते." एरवी मी हसले असते.

मग गावातल्या एका चॅनलवाल्यानं माझी मुलाखत घेतली. मी डबा खात होते, ते त्यानं दाखवलं. दोन दिवसांनी त्याच चॅनलवर प्रकल्पाचे एक अधिकारी बोलले. "दुर्गंधीचा फार बाऊ केला जातोय," ते शांतपणे म्हणाले. "एक वयस्कर महिला तिथं दिवसभर बसतात, जेवतात. त्रास एवढा असता तर हे शक्य झालं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सुभेदार घरी आले. दारातच उभे राहिले.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण काही दिवस तुम्ही घरीच थांबा. प्रकल्पवाले तुमच्याकडेच बोट दाखवताहेत. काही जण तर म्हणतात, बाईंना तिकडूनच कुणी बसवलंय की काय."

"कोण म्हणतं?"

"असतात हो लोक." त्यांनी चपला पायात सारल्या. "तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मी दार लावलं आणि मधल्या खोलीत जमिनीवर बसले. रडू आलं नाही. फक्त आता उद्या सकाळी उठून काय करायचं, हे सुचेना. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. कशाला त्या घाणीत बसायचं?" त्यांनी काळजीनंच म्हटलं असेल. मी फोन ठेवून दिला आणि त्या संध्याकाळी जेवले नाही.

ते दिवस मी गच्चीवर काढले. तिथून फाटकाकडचा रस्ता दिसायचा. ताडपत्रीखाली कधी दोघं, कधी कुणीच नाही. मी खाली उतरायचे, पुन्हा वर जायचे. दिवसचे दिवस माझा आवाज मी फक्त फोनवर ऐकायचे. दुधाची पिशवी सकाळी दाराला अडकवलेली असायची, म्हणजे दूधवालाही दिसायचा नाही.

एके दिवशी फुलांच्या मळ्यातली बाई कुंपणावरून हाक मारत आली.

"मावशी, उद्या जिल्ह्याहून मोठ्या म्याडम येनार हायेत पाहनीला. भाकऱ्या मी थापते. तुम्ही पिठलं करा. तिथंच जेवाया बसवू त्यांना."

"मला येऊ नका म्हटलंय."

"कोन म्हनतो? त्यो सुभेदार? त्याला सांगते मी. त्यो घंटाभर बसत नाय तिथं, आन् तुम्ही लय दिस काढले. चला गुमान."

मी पिठलं केलं. फोडणीत लसूण किती लाल झाला ते डोळे बारीक करून बघत केलं.

मॅडम तरुण होत्या. मला वाटलं होतं गाडीतूनच बघून जातील, पण त्या उतरल्या, ढिगाऱ्याला पूर्ण वळसा घालून आल्या, विहिरीचं पाणी पाहिलं. अधिकारी मागं मागं होते, तो टीव्हीवरचाही. मळेवाली बाई पुढं झाली.

"म्याडम, दोन घास खा. आमच्या दारात आल्या तुम्ही."

"अहो, इथं कशाला?" अधिकारी मध्ये पडला. "रेस्ट हाऊसला जेवण..."

"इथंच," ती बाई म्हणाली. "आमी इथंच जेवतो रोज."

मॅडम सतरंजीवर बसल्या. आम्ही बायका समोर बसलो. ताटं वाढली. मॅडमनी पहिला घास घेतला. वारा ढिगाऱ्याकडून होता, शेजारच्या बायकांच्या चेहऱ्यांवरून मला ते कळलं. मॅडमनी दुसरा घास मोडला, हातातच धरला. मग ताट बाजूला ठेवून उठल्या आणि गाडीच्या मागं गेल्या. उलटीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी हसलं नाही.

चूळ भरून त्या परत आल्या आणि पुन्हा त्याच जागी बसल्या. मला ते आवडलं. माझं ताट निम्मं झालं होतं.

"तुम्ही त्या टीव्हीवरच्या आजी ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही कशा जेवू शकता?"

"मला वासच येत नाही, मॅडम. आजारात गेला."

त्या मागं उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे वळून बघायला लागल्या, मग पुन्हा माझ्याकडे. "मग तुम्ही इथं का बसता?"

मी काही ठरवून गेले नव्हते. "ज्यांना येतो त्यांना बसवत नाही म्हणून," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला येतो. ते या घरात राहू शकत नाहीत. पंचवटीत भावाकडे असतात." मग मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मळेवालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी लगेच काही झालं नाही. मॅडमनी कडक शब्दांत लिहिलं असं कळलं, पण पावसाळा लागायच्या आत त्यांची बदली झाली. पलीकडच्या गावानं कोर्टात दावा लावला होता, त्यात त्यांच्या पाहणीचा उपयोग झाला असं सुभेदार सांगत होते. तारखा पडल्या. मी पुन्हा फाटकाशी बसायला लागले होते, या वेळी कुणी नको म्हटलं नाही. मग एका सकाळी गाड्या आल्याच नाहीत. नवा कचरा ज्याच्या त्याच्या गावात ठेवून तिथंच खत करायचं, असा निकाल झाला होता. जुन्या ढिगाऱ्यावर माती टाकायला यंत्रं आली. पाऊस पडला आणि तिच्यावर गवत उगवलं. मंडपात पेढे वाटले. सुभेदारांनी मला नारळ दिला. माणसं टाळ्या वाजवून आपापल्या घरी गेली.

विहीर मात्र सुधारली नाही. मळेवालीनं दोन हंगाम वाट पाहिली आणि विंचूरकडं नवऱ्याच्या मामाची जमीन कसायला घेतली. जाताना शेवंतीची रोपं माझ्या कुंड्यांत लावून गेली. "येत जाईन मावशी," म्हणाली. एकदा आली होती. लांब पडतं.

ह्यांना मी निकालाच्या दिवशीच फोन केला होता. ते एका रविवारी आले. गच्चीवर गेले, टेकडीकडं तोंड करून उभे राहिले, मोठा श्वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

"नाही येत," ते म्हणाले. "अजिबात नाही."

मी खाली जाऊन त्यांच्या आवडीची भरली वांगी केली. ते पोटभर जेवले, दुपारी आपल्या पलंगावर झोपले. चारच्या चहानंतर पिशवी उचलली.

"थंडी जाऊ दे," ते म्हणाले. "इकडं गारवा फार असतो. तिकडं डॉक्टर जवळ आहे." मग जरा थांबून, "तू चल ना तिकडं."

"बघू," मी म्हटलं.

रिक्षा वळणापर्यंत दिसत होती.

थंडी गेली, आणखी एक गेली. ते रविवारी येतात, कधी नाही येत. मध्ये एका बुधवारी मी न सांगता गेले. बाजाराचा दिवस होता, गोदेच्या काठानं भाजीवाले बसले होते. घाटाच्या पायऱ्यांवर चार-पाच समवयस्कांत हे बसलेले दिसले. कुणीतरी काही बोललं आणि हे मान मागं टाकून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. खोकला आला नाही. मी कोथिंबिरीच्या ढिगाशी उभी राहिले. बाईनं विचारलं, "घ्यायची का मावशी?" मी एक जुडी घेतली, मग मेथीची घेतली. त्यांना हाक मारली तेव्हा ते लगबगीनं उठले, मित्रांना म्हणाले, "आमच्या सौभाग्यवती." सगळ्यांनी नमस्कार केला. आम्ही चहा घेतला. त्यांनी माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली आणि रिक्षावाल्याला सावकाश चालव म्हणून सांगितलं.

मला त्यांचा राग आलेला नाही. माणसाला जिथं श्वास घेता येतो तिथं तो रुजतो. आणि मीही अजून कुलूप लावून निघत नाही, का ते मला नीट सांगता येत नाही. मळ्याची जागा आता रिकामी आहे, तिथं प्लॉट पाडायचं चाललंय. फाटकाला साखळी आहे. सकाळी मी त्या रस्त्यानं फिरायला जाते. गाडी येत नाही, हात करणारं कुणी नाही, हवा सगळे म्हणतात तशी स्वच्छ असावी. तिथून परत येते, चहा टाकते, आणि उकळला की नाही हे बघत ओट्याशी उभी राहते.